अप्पांचं एटीएम कार्ड कोणाच्या हातात?

प्रश्न: माझे वडील 82 वर्षांचे, भुसावळला असतात. रेल्वेतून निवृत्त, पेन्शन 41 हजार. आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, एक बाई घरी राहूनच त्यांचं सगळं करतात. पगार 14 हजार. आधी पगारासकट महिन्याला 25 हजार लागायचे. गेले सात महिने सरासरी 46 हजार निघताहेत, तेही एटीएममधून. 3 लाखांची एक एफडी मोडली. अप्पा म्हणतात, बाईंच्या मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला दिले. आता यावल रोडचा प्लॉटही त्यांना बक्षीस द्यायचं चाललंय. बाईंना लगेच काढू का? आणि उरलेले 22 लाख माझ्या नावावर करून घेऊ का? – एक वाचक, पुणे

ताई, दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही असं आहे. प्लॉटचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण खरी घाई तिथेच आहे. त्यासाठी या आठवड्यातच भुसावळ गाठा.

बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदलं गेलं की मन बदललं म्हणून रद्द होत नाही. दबाव किंवा फसवणूक होती हे दिवाणी कोर्टात दाखवत बसावं लागतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे, त्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण ‘सांभाळ करीन’ ही अट दस्तात लिहिलेली असेल तरच तिथे पाय रोवून उभं राहता येतं. दुसरी बाजूही ऐकून ठेवा. प्लॉट अप्पांनी स्वतःच्या फंडाच्या पैशांतून घेतलेला असेल, तर तो कोणाला द्यायचा हा त्यांचा हक्क आहे. तिथे तुमची किंवा भावाची सही लागत नाही. म्हणून ‘देऊ नका’ म्हणून भांडू नका, ‘द्यायचाच असेल तर मृत्युपत्रात द्या’ म्हणा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक असते आणि हयातीत ते कितीदाही बदलता येतं. सही करण्याआधी डॉक्टरांकडून स्मरणशक्ती तपासून दाखला घ्या. अप्पांची बुद्धी शाबूत निघाली, तर त्यांचा शब्द आपल्याला मान्य करावा लागेल.

आता तुम्ही पाठवलेले पासबुकाचे फोटो. 1 तारखेला 10 हजार, लगेच पुन्हा 10 हजार. असं दर महिन्याला. आणि अप्पा तर मार्चपासून जिना उतरलेले नाहीत. पिन कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे आणि तोही तुमच्याच अक्षरात, हे तुम्हीच कळवलंय. (लाजू नका, निम्म्या घरांत तो तिथेच असतो.) पण पिन आपणच दिलेला असला की बँक ते पैसे भरून देत नाही. जास्तीचे 21 हजार गुणिले सात, म्हणजे 1 लाख 47 हजार. त्यातून मार्चमधल्या दवाखान्याचे 35 हजार आणि डायपर, मलम, एअरबेडच्या भाड्याचे महिना 4 हजार धरून 28 हजार वजा करा. हिशेब न लागलेले 84 हजार उरतात. एवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नये. पण विचारायचे मात्र नक्की, शांतपणे आणि अप्पांच्या समोर.

3 लाखांचं वेगळं आहे. ते मालकाने स्वतः दिलेत. ते कर्ज होतं की मदत, एवढंच लिहून घ्या. कर्ज असेल तर वचनचिठ्ठी करा आणि तारीख घालायला विसरू नका, कारण वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. नात्याबाहेरून मिळालेली 50 हजारांवरची भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, त्यामुळे ती चिठ्ठी बाईंच्याही सोयीची आहे. परत किती येतील? मला फारशी आशा नाही.

22 लाख तुमच्या नावावर घेतले तर त्यावरचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल, भाऊ नाराज होईल आणि अप्पांच्या डोळ्यांत तुम्ही नि बाई एकाच रांगेत उभ्या राहाल. पैसा अप्पांच्याच नावावर राहू द्या, फक्त तो सहज हाताला लागणार नाही असं करा. एफडी मुदत संपेल तशा वळवा. 15 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 30,750 रुपये खात्यात येतील. ते एटीएममधून निघत नाहीत, मोडायला अर्ज आणि सही लागते. उरलेल्या एफडीला तुमचं नाव जोडा, पण ‘दोघांपैकी कोणीही’ असं नको. दोघांच्या सहीने मोडेल असं करा.

पेन्शन खात्याचं कार्ड बँकेत परत करा आणि मेसेज तुमच्या नंबरवर लावा. घरखर्चाला अप्पांच्याच नावाचं वेगळं छोटं खातं उघडा, त्यात दरमहा 12 हजार आपोआप जातील. बाईंकडे फक्त त्या खात्याचं कार्ड. पगार थेट त्यांच्या बँकेत. मेडिकलवाल्याकडे उधारीचं खातं ठेवा आणि बिल तुम्ही पुण्यातून भरा.

बाईंना आजच का काढायचं नाही, तर रात्री दोनला अप्पांना कुशीवर कोण वळवणार? चोपड्याला माझ्या मावशीच्या बाबतीत आम्ही रागाच्या भरात संध्याकाळी बाई काढली. नवी मिळेपर्यंत सोळा दिवस गेले आणि मावशीच्या कंबरेला जी जखम झाली ती वर्षभर भरली नाही. आधी दुसरी व्यवस्था लावा, नव्या माणसाची पोलिस पडताळणी करून घ्या. अपवाद एकच: अप्पांना धमकावलं जातंय, फोन हातात दिला जात नाही किंवा शेजाऱ्यांना आत येऊ देत नाहीत, असं दिसलं तर एक दिवसही थांबू नका. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, शिवाय पोलिस ठाणं आहेच.

आणि अप्पा तुम्हाला फोनवर जे म्हणाले, ‘मले तिच्याबिगर कोन पाहातं?’, त्याचं उत्तर बँकेत मिळत नाही. या खेपेला चार दिवस राहा. पहिल्या दिवशी पैशांचा विषय काढू नका. भरीत करा, त्यांच्याजवळ बसून जेवा, बाईंनाही ताटावर बसवा. पासबुक तिसऱ्या दिवशी काढलंत तरी चालेल. कॅलेंडरमागचा पिन मात्र पोचल्या पोचल्या बदला.