ब्रेक लावल्यावर मागच्या सीटवरची बॅग पुढे का फेकली जाते?

बॅगेला कोणी ढकलत नाही. ती फक्त थांबत नाही. गाडी ताशी ६० किमीने चालली असेल तर बॅगेचाही वेग तोच, म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर गाडीचा वेग दर सेकंदाला जवळपास ८ मी/सेने उतरतो. बॅगेला मात्र सीटच्या कापडाचं घर्षणच अडवतं, आणि ते तिचा वेग दर सेकंदाला ३-४ मी/सेपेक्षा फार उतरवू शकत नाही. जडत्वामुळे बॅग गाडीच्या तुलनेत पुढे जाते! हळू ब्रेक दाबला तर घर्षण पुरतं आणि ती जागची हलत नाही.

धडकेत हिशोबच बदलतो. ५० किमी वेगाने आदळून गाडी ०.६ मीटरमध्ये थांबली तर मंदन (वेग उतरण्याचा दर) सुमारे १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट. ५ लिटर पाण्याचा कॅन मग पुढच्या सीटच्या पाठीवर ८० किलो वजनाइतक्या जोराने आदळतो. म्हणून जड सामान डिकीत, तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. ड्रायव्हरच्या पायाशी बाटली तर अजिबात नको, ती घरंगळत ब्रेक पेडलखाली अडकते.

गॅसचा फुगा मात्र ब्रेक लावल्यावर मागे जातो. काचा बंद असताना जड हवा पुढे दाटते आणि हलक्या फुग्याला मागे सारते.