आईच्या गोळ्या उरल्या, मुलाच्या संपल्या

रुग्णाच्या घरी गेले की मी आधी औषधांचा डबा मागते, बोलणं त्यानंतर. देवगडकडच्या त्या घरात कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या एव्हाना संपायला हव्या होत्या, पण पाकीट जवळजवळ भरलेलं निघालं. सुनेने ते कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. "सवय लागू नये म्हणून जपून देतो, मॅडम," ती म्हणाली. बोलण्यात अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता, कारण सासूची सेवा ती मनापासून करत होती.

तिला रेश्मा म्हणू, नवऱ्याला दिलीप. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. सासूबाई सत्तरीच्या, मी त्यांना काकी म्हणायचे. स्तनाचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात उतरलेला, मुंबईचे उपचार आणि रेडिएशन आटोपलेलं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं ते असं: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहाला दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी, रात्री दहाला एक पूर्ण, म्हणजे मध्यरात्री कोणाला उठायला नको. सोबत पोट साफ होण्याची गोळी रोज रात्री. घरात प्रत्यक्षात चाललं होतं ते वेगळंच. काकी ओरडायला लागल्या की अर्धी, आणि पोटाची गोळी "जुलाब होतील" म्हणून बंद.

काकींना आकड्यात दुखणं सांगता येईना, तेव्हा मी आण्यांत विचारलं. रुपयात किती आणे दुखतं?

"पंधरा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माका नको ती गोळी. तिच्यान माणूस पिसो होता. आणि ती दिली म्हणजे आता संपला, असा शेजारीण सांगी होती."

सवय, वेड आणि शेवट. या तीन भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतात, आणि त्यांतली सवयीची सगळ्यांत चिवट. तिचं उत्तर मी नुसतं "नाही" असं कधीच देत नाही, कारण ते खरं नाही. मॉर्फिन काही आठवडे नियमित घेतलं की शरीर त्याला सरावतं. एकदम बंद केलं तर जांभया, नाकातून पाणी, अंगावर काटा, जुलाब, घालमेल असं सगळं होतं. म्हणून ते थांबवायचं झालं तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात. पण शरीर सरावणं म्हणजे व्यसन नव्हे. व्यसनात माणूस दुखणं नसतानाही गोळीमागे धावतो, लपवतो, खोटं बोलतो, घर-काम सोडून त्यातच गुंततो. कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या नजरेखाली घेणाऱ्यांत हे क्वचित होतं. आधी दारूचं किंवा इतर कसलं व्यसन असेल तर धोका वाढतो, म्हणून ते आम्ही सुरुवातीलाच विचारतो.

वेडाचं म्हणाल तर पहिले काही दिवस गुंगी येते, मळमळतं, वयस्करांना कधी भास होतात. गुंगी आणि मळमळ बहुतेकांची आठवड्याभरात ओसरते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, त्याला शरीर सरावतच नाही. गोळी आहे तोवर पोटाची गोळीही आहे. हे एक वाक्य मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते, कारण चार दिवस पोट अडलं की घरचे मॉर्फिनलाच दोष देऊन ते बंद करतात.

आणि शेवट? मोजून, दुखण्याच्या मापाने दिलेलं मॉर्फिन मरण ओढवत नाही. आपल्याकडे ते फार उशिरा सुरू होतं, म्हणून लोकांना गोळी आणि मरण जोडीने आलेलं दिसतं.

दिलीप पडवीच्या दारात उभा राहून ऐकत होता. "पण दुखल्यावर द्यायचं ना औषध? दुखत नसताना कशाला?"

त्याची हापूसची बाग आहे. मी विचारलं, "बागेभोवतीचं गवत वणवा लागण्याआधी काढता की लागल्यावर?" तो हसला. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो. दुखणं पुरतं पेटल्यावर दिलेली अर्धी गोळी अपुरी पडते, रुग्ण आणखी मागतो, आणि त्या मागण्यालाच घरचे व्यसन समजतात. खरं तर घड्याळाप्रमाणे दिलं की मागणं बहुधा थांबतं. मधेच कळ आलीच तर एक जादा मात्रा डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलेली असते, ती द्यायची आणि वहीत टिपायची.

"अमेरिकेत याच गोळ्यांनी माणसं मेली म्हणतात," दिलीप म्हणाला. फोनवर पाहिलं होतं त्याने. खरंच आहे ते. १९९६ पासून तिथे मॉर्फिनच्याच कुळातल्या ऑक्सिकोडोनची एक लांब पल्ल्याची गोळी साध्या, जुनाट दुखण्यांसाठीही जोरात खपवली गेली. व्यसन पसरलं, पुढे हेरॉइन आणि त्याच कुळातलं, फार जालीम असं चोरटं फेंटानिल आलं. आपली गोष्ट जवळजवळ उलटी आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, जिच्यापासून मॉर्फिन बनतं, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि तरी १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळेनासं झालं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, पण आजही ते बहुधा मान्यताप्राप्त रुग्णालयातूनच मिळतं. गल्लीतल्या मेडिकलमध्ये सहसा नाही. त्यासाठी गाडी करून अर्धा दिवस घालवायचा आणि आणलेलं कुलपात ठेवायचं, याची मला खरंच चीड येते.

बोलता बोलता दिलीपच्या सारख्या जांभया चालल्या होत्या. कपाळावर घाम. मी सहज विचारलं, तुमची कंबर कशी आहे? कारण आंब्याच्या घरात कंबर धरलेली नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तेव्हा दुसरा डबा निघाला. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पाय घसरला, डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी पाच दिवस दिली. ती त्याच चिठ्ठीवर अजून येत होती. आता दिवसाला आठ, वर संध्याकाळी दोन पेग. "साधी पेनकिलर आहे, मॅडम. आवशीच्या गोळीसारखी नाही."

तशीच आहे. ट्रॅमाडॉल त्याच कुळातलं, जरा सौम्य. २०१८ पासून आपल्याकडे तेही अंमली पदार्थ कायद्याखाली आलं. त्याच्या गोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल होतं, म्हणजे दिवसाला ३००. प्रौढांसाठी कमाल मर्यादा ४००. मर्यादेच्या आत असूनही तो धोक्यात होता. दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावतात. झोपेच्या गोळीबरोबरही तेच. ट्रॅमाडॉलने झटके येऊ शकतात आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरतं. शिवाय कंबरेला त्याचा फायदा किती? २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी छापून आली. ताज्या कंबर आणि मानदुखीवर ऑक्सिकोडोन सहा आठवड्यांनी रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. दिलीपचं दुखणं तर जुनं. तो गोळी घेत होता ती मुख्यतः गोळी उतरल्यावर होणारी तगमग थांबवायला.

रेश्मा गप्प झाली. सवयीच्या भीतीने तिने आईच्या गोळ्यांना कुलूप घातलं होतं, आणि सवय तिच्या शेजारी बसून जांभया देत होती. मी दिलीपला सरळ विचारलं, आईच्या डब्याला हात लावला का? "एकदा गेला होता हात. कुलूप होतं."

मग कुलूप राहू दे, असंच मी सांगितलं. किल्ली रेश्माकडे, पण ती घड्याळाप्रमाणे फिरायला हवी. काय दिसलं तर पुढची मात्रा थांबवून लगेच फोन करायचा, तेही लिहून दिलं: हाक मारूनही नीट जाग येत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हातपाय आपोआप उडायला लागले किंवा लघवी कमी झाली तरीही कळवायचं. मूत्रपिंड थकलं की मॉर्फिन अंगात साठतं.

दिलीपला मात्र मी त्या दिवशी "उद्यापासून बंद करा" म्हटलं नाही. त्याने ते केलं असतं, आणि चार दिवसांत दुप्पट घेतल्या असत्या. डॉक्टरांकडे गेला, दर पंधरवड्याला एकेक गोळी उतरवली, व्यायाम शिकला, पेट्या भरताना लहान क्रेट वापरायला लागला. एप्रिलच्या धांदलीत एकदा पुन्हा सहावर गेला. रेश्माने मला फोन केला तेव्हा रडत होती. मी तिला सांगितलं, हे होतं, गोळ्या मोजून परत खाली आणू. तोवर रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दोघांनाही दिला होता.

काकींचं दुखणं आठवड्याभरात पाच आण्यांवर आलं. पाठ टेकून झोपू लागल्या, खळ्यात खुर्ची टाकून कोकमं फोडणाऱ्यांवर देखरेख करू लागल्या. पुढे आजार वाढला तशी मात्रा दोनदा वाढवावी लागली. मॉर्फिनला ठरीव कमाल मात्रा नसते, डॉक्टर दुखणं आणि गुंगी पाहून वाढवतात.

"तिची वाढता, माझी कमी होता. बरोबर ना?" दिलीपने विचारलं.

"अगदी बरोबर."

पावसाळ्याच्या तोंडावर काकी गेल्या. दिवसकार्य झाल्यावर रेश्माने विचारलं की उरलेल्या गोळ्या वाडीतल्या दुसऱ्या एका कॅन्सरच्या रुग्णाला देऊ का. नाही, त्या माणसाची मात्रा वेगळी, मूत्रपिंड वेगळं. मोजून, वहीसकट, जिथून आणल्या त्या रुग्णालयात परत द्यायच्या. दिलीपच बसने जाऊन देऊन आला आणि पावतीचा फोटो मला पाठवला.