‘हे का केलंस?’ असं सर विचारतात तेव्हा

जूनमध्ये प्रवेश, पावसाळा संपता संपता पहिला क्रिट (आपलं काम भिंतीवर लावून सर आणि वर्गासमोर त्यावर बोलायचं), आणि दिवाळीला घरी गेल्यावर मला पत्र. कलाशाळांतल्या मुलांचा हा क्रम आता माझ्या पाठ झालाय. यंदाच्या गठ्ठ्यातली तीन पत्रं घेते.

प्रश्न : ताई, मी कागलजवळच्या एका गावचा. कोल्हापुरात पेंटिंग शिकलो. जलरंग आणि पोर्ट्रेटमध्ये हात चांगला आहे. पंचगंगा घाटावर रंगवायला बसलो की माणसं जमायची. आता राज्याबाहेर एमव्हीएच्या, म्हणजे दृश्यकलेतल्या मास्टर्सच्या, पहिल्या वर्षाला आहे. क्रिटला आमच्या गुऱ्हाळाचं चित्र ठेवलं. सरांनी विचारलं, ‘हे का केलंस?’ मी गप्प. बाकीची मुलं इंग्रजीत अर्धा अर्धा तास बोलतात, आणि भिंतीवर धड चित्र नसतं. दोन महिने झाले, ब्रश हातात घेतलेला नाही. परत येऊन पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेऊ का?

उत्तर : तुझं पत्र छापताना मी बरंच आवरतं घेतलंय. मूळ पत्रात इतर मुलांच्या इंग्रजीवर दीड पान होतं आणि स्वतःच्या चित्रावर फक्त एक ओळ. बरं झालं फोटो पाठवलास.

मधोमध काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, वर वाफ, मागे चिपाडाचा ढीग. भोवती सहा माणसं आणि सहाही पाठमोरी. अरे, ज्याचा पोर्ट्रेटमध्ये हात बसलाय तो मुलगा आपल्याच घरची, शेजारची माणसं काढतो आणि एकाचाही चेहरा दाखवत नाही? मला तर फोटो बघताक्षणी हेच विचारावंसं वाटलं. तुझ्या सरांनाही बहुतेक हेच विचारायचं असणार. तू मात्र ‘का’ ऐकलंस आणि समजलास की आता आपल्याला जगण्याचा अर्थ सांगायला लागणार.

तुमच्या गुऱ्हाळातल्या गुळव्याला विचारून बघ, काहील आत्ताच का उतरवलीस? तो पाक पाण्यात टाकून गोळी दाखवेल. बुडबुडा कसा बदलला ते सांगेल. आज मळी नीट वर येत नव्हती म्हणून भेंडीचं पाणी थोडं जास्त घातलं, असंही म्हणेल. जगात गूळ का असावा, यावर तो एक शब्द बोलणार नाही. क्रिटमधल्या ‘का’चं उत्तर एवढंच असतं. चित्र करताना तू पन्नास निर्णय घेतलेस, त्यातले दोन-तीन सांगायचे. माणसं पाठमोरी का? चुलीत चिपाड सारणारा जाळव्या एवढा लहान आणि ढीग एवढा मोठा का? आगीचा रंग एवढा मळकट का ठेवलास? (तो मला फार आवडला. बहुतेक जण तिथे केशरी ओतून मोकळे होतात.)

मी १९८७ साली सांगलीहून बडोद्याला ग्राफिक्स, म्हणजे छापचित्रं (प्रिंटमेकिंग), शिकायला गेले. सयाजीरावांचं गाव, दांडिया बाजारात मराठी कानावर पडते, सेव-उसळीच्या नावातसुद्धा आपली उसळ. म्हटलं, भाषेचं निभेल. स्टुडिओत शिरले तर शेजारच्या टेबलावर मल्याळी, पलीकडे बंगाली, प्रेसवर गुजराती. सगळ्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं, पण हे कळायला मला एक सत्र लागलं.

पहिल्या क्रिटच्या आदल्या दिवशी मी जस्ताची प्लेट नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवली. (प्लेटवर ॲसिड न लागणारा थर देतात, त्यातून रेषा कोरतात, ॲसिड तेवढ्याच रेषा खातं. हेच एचिंग.) रेषांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने सारखे हलवावे लागतात. मी पीस ठेवलं आणि चहाला गेले. गप्पा रंगल्या. परत येऊन बघते तर ॲसिडने वरचा थर उचकटून एक अख्खा कोपरा खाल्लेला. नवी प्लेट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तोच प्रिंट भिंतीवर लावला. सरांनी विचारलं, इथे हे काळं का? मी खरं ते सांगितलं : ‘चहाला गेले होते.’ सगळे हसले. सर थांबले आणि म्हणाले, ‘मग पुसलं का नाहीस?’ आता मात्र मला प्लेटकडे बघावं लागलं. तो कोपरा स्क्रेपरने खरवडून उजळ करता आला असता. मी केला नव्हता, कारण त्या काळ्यामुळे आमच्या वाड्याचा जिना पहिल्यांदा जिन्यासारखा वाटत होता. हे मी मोडक्या हिंदीत सांगितलं. आयुष्यातला माझा पहिला बरा क्रिट.

बडोद्याचा विषय निघालाच आहे तर भूपेन खख्खर सांगते. माणूस चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ च्या सुमारास बडोद्याला आला, कलासमीक्षा शिकला, पुढे बरीच वर्षं अर्धवेळ हिशेबाचं काम करत चित्रं काढत राहिला. १९७२ च्या त्याच्या चित्रांत घड्याळं दुरुस्त करणारा आहे, शिंपी आहे. दुकानाच्या पाटीसकट. हे विषय चित्रात आणायचे असतात हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. तुझं गुऱ्हाळ लहान नाही, बाबा.

कौशल्याला नाक मुरडणारे मास्तर असतात, हेही खोटं नाही. मी पाहिलेत. त्यांच्यासाठी रेखाटन सोडू नकोस. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात शिकून आलायस, ते काही लपवायचं नाही. पण गर्दी जमते म्हणून चित्र चांगलं, हा घाटावरचा हिशेब मात्र आता घाटावरच राहू दे.

या आठवड्यात एक कर. या चित्रात तू काय काय घेतलं नाहीस, त्याच्या बारा ओळी लिही. मराठीत, तुझ्या कागलच्या मराठीत. मग शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी बरोबर घेऊन त्याचं इंग्रजी कर. ‘गुऱ्हाळ’ आणि ‘काहील’ तसेच ठेव. विचारतील, तू सांगशील, आणि तेवढ्यात पाच मिनिटं बोलून झालेली असतील. ऑर्डरी सुट्टीत खुशाल घे, रंगाचा खर्च निघेल. पळून येण्यासाठी मात्र नको.

प्रश्न : माझी मुलगी शिल्पकलेत मास्टर्स करते आहे. रात्री अकरापर्यंत स्टुडिओत असते, दर महिन्याला साहित्यासाठी पैसे मागते. दोन वर्षांनी हिच्या हातात काय असणार? — एक वडील, बार्शी

उत्तर : अहो, रात्री अकरा म्हणजे लवकरच की! प्लास्टरचा साचा भरायला घेतला की मध्येच उठून घरी जाता येत नाही, ते भांड्यातच घट्ट होतं.

पैशाचं सांगते. ब्राँझ महाग, नुसता धातूच नाही, मेणाचा साचा, ओतकाम, घासणं, सगळंच. पण विद्यार्थ्याने सगळं ब्राँझमध्ये करावं असं कुणीच म्हणत नाही. माती, प्लास्टर, फायबर, भंगारातलं लोखंड यांत दोन वर्षं छान निघतात. तिला महिन्याची एक रक्कम ठरवून द्या आणि ती कशावर घालवायची ते तिच्यावर सोडा.

दोन वर्षांनी काय? दृश्यकलेत नेट परीक्षा आहे. मास्टर्स आणि नेट असली की कला महाविद्यालयात सहायक प्राध्यापक पदाला अर्ज करता येतो. जागा कमी निघतात, हे आत्ताच ऐकून ठेवा. बाकी सिनेमाचे सेट, संग्रहालयांसाठी प्रतिकृती, पुतळ्यांच्या कार्यशाळेत मॉडेलिंग, ही कामं हात असलेल्यांना मिळतात. माझ्या बरोबरचे निम्मे लोक पहिली पाच-सात वर्षं असंच काहीतरी करून रात्री स्वतःचं काम करायचे. खख्खरचा हिशेब वर सांगितलाच आहे. एकदा तिच्या वार्षिक डिस्प्लेला जा. परीक्षकासारखे नको, डबा घेऊन जा.

प्रश्न : मी प्रिंटमेकिंगला आहे. विभागात प्रेसला नंबर लागत नाही. भाड्याच्या खोलीतल्या बाथरूममध्ये नायट्रिकने एचिंग केलं तर चालेल का? खिडकी आहे.

उत्तर : नाही.

खिडकी किती मोठी आहे, हे विचारतसुद्धा नाही. जस्तावर नायट्रिक चढलं की तपकिरी वायू निघतो. तो छातीत बसतो आणि त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो, तेव्हा तू झोपलेली असशील. ॲसिड पातळ करताना नेहमी पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, हे विभागात शिकवलं असेलच. पण ते विभागातच, एक्झॉस्टखाली.

खोलीवर करायचंच असेल तर लिनोकट किंवा वुडकट कर, म्हणजे लिनोलियम किंवा लाकूड कोरून छापणं. शाई लाव, कागद ठेव आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासून छाप काढ. प्रेस लागत नाही. ड्रायपॉइंटची प्लेटही ॲसिडशिवाय, खोलीवर नुसत्या सुईने कोरता येते, छापण्यापुरती विभागात ने. आणि प्रेसच्या नंबराचं म्हणशील तर सकाळी साडेआठला जाऊन बघ. ग्राफिक्सची मुलं त्या वेळी कुठे असतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.