वाचक विचारतात : फ्रीजरमधल्या पाकळ्या काळ्या का पडतात?

प्रश्न : दादरच्या फुलबाजारातून आणलेल्या गुलाबाच्या पाकळ्या ‘फ्रीझ-ड्राय’ करायला ताटात पसरून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवल्या. बाहेर काढल्यावर तासाभरात काळपट, लिबलिबीत झाल्या. एसीवाल्याचा व्हॅक्यूम पंप आणला तर जमेल का? मोगराही करून पाहायचा आहे.
— एक वाचक, परळ

उत्तर : पाकळ्या वाळल्या नव्हत्या, नुसत्या गोठल्या होत्या. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. बर्फ वितळला की रस सुटतो, त्याला हवा लागते आणि पाकळी काळवंडते. फ्रीझ-ड्राय म्हणजे बर्फाचं पाणी होऊ न देता थेट वाफ करायची, एवढंच तर साधायचं असतं.

पंपाचं म्हणाल तर फ्रीजरच्या उणे 18 अंशांवर बर्फाचा बाष्पदाब (त्याच्या वाफेचा दाब) जेमतेम 125 पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण आठशेव्या हिश्श्याएवढा. डब्यातला दाब त्याच्या खाली न्यावा लागतो. चांगला पंप त्याच्याही खाली जातो, पण एक ग्रॅम बर्फाची त्या दाबाला जवळजवळ हजार लिटर वाफ होते. ती पंपाच्या तेलात शिरली की तेल ताकासारखं पांढरं होतं आणि पंपाची ओढ संपते. म्हणून पंपाच्या आधी उणे 40 अंशांच्या आसपासचा, वाफ गोठवून धरणारा सापळा लागतो. आणि पाकळ्या ठेवायला पंपाला लोणच्याची बरणी तर मुळीच लावू नका! 20 सेंटिमीटरच्या झाकणावर हवेचा भार तीनशे किलोंच्या वर जातो.

घरी सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, बरं. पन्नास ग्रॅम पाकळ्यांत साधारण चाळीस ग्रॅम पाणी असतं. त्याला 300 ग्रॅम जेल घ्या. नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट हा विषारी धातू असतो. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला जेल, वर स्टीलची जाळी, जाळीवर पाकळ्यांचा एकच थर. डबा फ्रीजरमध्ये. दोन-तीन आठवडे सहज जातात. दर चार दिवसांनी जाळीसकट झटपट वजन करा. पाकळ्या दहा ग्रॅमच्या आसपास येऊन वजन हलेनासं झालं की झाल्या. मधेच जेलचा रंग उडाला तर 120 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास तापवून, पूर्ण गार करून परत वापरा.

मोगऱ्यावर मेहनत वाया जाईल. त्याचा वास कळी उमलताना तयार होतो; सुकल्यावर उरते ती तपकिरी कळी.

बाजारच्या फुलांवर फवारणी असते, ती फुलं चहात घालू नका. डबा बाहेर काढल्यावर दोन तास तसाच बंद ठेवा. मुंबईच्या दमट हवेत गार पाकळीवर लगेच दव धरतं, आणि तीन आठवड्यांचं काम पाच मिनिटांत मऊ पडतं.