वॉरंटीचे २२ हजार द्यायचे की भाव कमी करून घ्यायचा? भांडुपच्या ताईंना उत्तर

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, सासूबाईंचे गुडघे गेलेत त्यामुळे दर महिन्याला हॉस्पिटलला रिक्षा नाहीतर टॅक्सी, आणि गणपतीत चिपळूणला जायचं म्हटलं की ट्रेनचं तिकीट मिळत नाही, म्हणून सेकंडहँड गाडी घ्यायची ठरलीय. दोन गाड्या पसंत पडल्यात, दोन्ही २०१९च्या पेट्रोल मारुती बलेनो. एक ठाण्यातल्या डीलरकडे, ५८ हजार किलोमीटर, ५,४५,००० सांगतोय, वर एक वर्षाच्या वॉरंटीचे २२ हजार वेगळे, लोन तोच करून देणार १४ टक्क्यांनी चार वर्षांचं. दुसरी मुलुंडला थेट मालकाकडे, ६७ हजार किलोमीटर, ४,७५,०००, वॉरंटी काही नाही. बाजूला साडेतीन लाख आहेत. ताईंचा प्रश्न त्यांच्याच शब्दात, "वॉरंटी असली की डोक्याला ताप नाही, त्यासाठी जास्त पैसे गेले तर चालेल का? आणि मला भाव करायला जमत नाही, समोरचा मॅडम फिक्स रेट म्हणाला की मी गप्प बसते."

ताई, आधी मत सांगतो मग कारणं. मुलुंडची गाडी मेकॅनिकला दाखवा, पास झाली तर तीच घ्या, भाव ४,६०,०००च्या आसपास आणा, आणि वॉरंटीला जाणार होते त्यात थोडी भर घालून ५० हजार गाडीच्या नावाने स्वतःच्या खात्यात वेगळे ठेवा. डीलरचीच घ्यायची झाली तर वॉरंटीसकट पाच लाखांच्या वर जाऊ नका.

का ते बघा. डीलरकडे सगळे मिळून ५,६७,००० होतात, मुलुंडला ४,७५,०००, म्हणजे ९२ हजारांचा फरक आणि तो तुम्ही ९ हजार किलोमीटर कमी चाललेली गाडी आणि एक कागद यासाठी देताय. आता या गाडीला पुढच्या वर्षभरात काय काय लागू शकतं ते धरू, चार टायर वीस हजारांच्या घरात, क्लच दहा-बारा, बॅटरी पाच, सस्पेन्शन दहा-पंधरा, आणि अगदी एसीचा कॉम्प्रेसर गेला तरी वीस-पंचवीस. हे सगळंच्या सगळं एका वर्षात निघालं, जे सहसा होत नाही, तरी ९२ हजार संपत नाहीत. आणि यातलं बरंचसं त्या वॉरंटीत बसणारच नाहीये.

गेल्या वर्षी माझ्या एका क्लायंटने अशीच "इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी" घेतली होती, एप्रिलमध्ये एसी बंद पडला, फोन केला तर एसी यात येत नाही. मग क्लच घसरायला लागला तर म्हणे झिजणारा पार्ट आहे, तो पण येत नाही. तो माणूस कागद घेऊन माझ्याकडे आला. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात एक वर्ष वॉरंटी, रंगीत शिक्का वगैरे, आणि पाठीमागे बारीक अक्षरात, इतक्या बारीक की मी मोबाईलचा टॉर्च लावून झूम करून वाचलं, की वर्षभरात सगळे क्लेम मिळून २५ हजारांची मर्यादा, काम फक्त आमच्या वर्कशॉपमध्ये, गाडी तिथपर्यंत आणायचा टोइंगचा खर्च ग्राहकाचा, दर पाच हजार किलोमीटरला आमच्याकडेच सर्व्हिसिंग केली नाही तर वॉरंटी रद्द. म्हणजे जास्तीत जास्त २५ हजार मिळावेत म्हणून त्याने १८ हजार आधीच भरले होते, आणि हे त्याला गाडी घेताना कोणीही सांगितलं नव्हतं. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं कारण माणूस हिशोबी आहे, फक्त त्याने कागद उलटा करून बघितला नाही.

म्हणून तुमच्या डीलरला टोकन द्यायच्या आधी सांगा की वॉरंटीचा नमुना कागद द्या, घरी नेऊन वाचते. त्यात बघायचं की वॉरंटी देतंय कोण, डीलर स्वतः की दुसरी कुठली कंपनी, कुठले पार्ट नावानिशी लिहिलेत, मजुरी त्यात आहे का, एका क्लेमला किती आणि वर्षाला किती, किलोमीटरची मर्यादा काय, आणि सुरू कधी होते, कारण काही ठिकाणी पहिले १५-३० दिवस धरतच नाहीत आणि जुन्या गाडीतला लपलेला दोष नेमका त्याच दिवसात बाहेर येतो. कागद द्यायला टाळाटाळ केली तर त्या वॉरंटीची किंमत शून्य धरा आणि भाव करा. "मॅडम काही झालं तर मी आहे ना" ही वॉरंटी नाही.

आता डीलरच्या बाजूने पण बोलायला हवं. त्याचा भाव जास्त असतो त्याला कारणं आहेत, जागेचं भाडं, पॉलिश-दुरुस्ती, आरटीओचं काम, आणि जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवरच्या त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, छोट्या गाड्यांना आधी १२ होता. मालकाकडून थेट घेतली तर हा जीएसटी लागत नाही. पण डीलरकडून घेण्यात एक फायदा आहे जो कोणी सांगत नाही, तो व्यापारी आहे म्हणून तुम्ही कायद्याने ग्राहक ठरता. फसवलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पण लागत नाही, १९१५ या हेल्पलाईनवर पण तक्रार होते. मुलुंडचे मालक व्यापारी नाहीत, त्यांच्याविरुद्ध हा रस्ता नाही. म्हणून डीलरकडे मी वॉरंटीपेक्षा एका ओळीसाठी जास्त भांडेन, की पावतीवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या, गाडी पाण्यात बुडालेली नाही, मोठा अपघात नाही, मीटर फिरवलेला नाही. याला एक रुपया लागत नाही आणि हा कागद पुढे आयोगात उपयोगी पडतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचा नियम आहे, ते प्रमाणपत्र आहे का विचारा, नुसतं विचारल्यावर पण समोरच्याच्या बोलण्यात फरक पडतो.

भाव करायचं म्हणाल तर, ताई, भाव करणं म्हणजे वाद घालणं नाही. तुम्ही बोलूच नका, कागद बोलू दे. ओळखीचा मेकॅनिक हजार-दोन हजार देऊन बरोबर न्या, तो जे जे काम सांगेल ते आकड्यासकट एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद टेबलावर ठेवा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २२१९ असेल तर २०१९च्या बाविसाव्या आठवड्यातला टायर, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच टायर आहेत आणि ते बदलायचेत, हे वीस हजार भावातून वजा. बॅटरीवर तारीख असते. सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरावरून मालकाला जुनी सर्व्हिस हिस्ट्री काढून देता येते, त्यातले किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का ते बघा.

आणि डीलरला एक आकडा नक्की सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्के झाला, त्या हिशोबाने नवीन गाडी आठ-साडेआठ टक्क्यांनी खाली आली, नवीन बलेनोचं बेस मॉडेल तेव्हा शोरूम किमतीला सहा लाखांच्या आसपास आलं. रोड टॅक्स इन्शुरन्स धरून ते सात लाखांच्या जवळ जातं हे खरं, पण ती गाडी नवी कोरी, कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असलेली. मग २०१९च्या गाडीला वॉरंटीसकट ५,६७,००० का द्यायचे, हा प्रश्न शांतपणे विचारा आणि मग खरंच गप्प बसा. तुमची गप्प बसायची सवय इथे कामाला येईल. त्याने बोलायचं, तुम्ही नाही.

आधी गाडीचा भाव, मग वॉरंटी, मग लोन, हे तीन विषय वेगवेगळे ठेवा. डीलर तिन्ही एकत्र करून "महिन्याला फक्त अकरा हजार" सांगतो तेव्हा कुठे किती गेले ते कळत नाही. भाव ठरला की मग म्हणा, याच भावात वॉरंटी घाला. बऱ्याचदा निम्म्यावर येतात नाहीतर फुकट देतात. ट्रू व्हॅल्यू या मारुतीच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये सर्टिफाईड गाडीला एक वर्षापर्यंत वॉरंटी आणि तीन फ्री सर्व्हिस किमतीतच असतात, तिथला अशाच गाडीचा भाव काढून ठेवलात तर बोलायला बरं पडेल. अजून एक, घाई नसेल तर गणपतीच्या आधी घेऊ नका, तेव्हा सगळ्यांनाच गाडी हवी असते. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असतं आणि डीलर ऐकून घेतो. तुम्हाला अडचण नसेल तर तो पंधरवडा फार चांगला, पण सासूबाईंना चालणार नसेल तर त्यासाठी घरात वाद नको.

लोनचा हिशोब मी करून बघितला. डीलरकडे १,६७,००० भरून चार लाख लोन, १४ टक्के, चार वर्षं, तर ईएमआय १०,९३० च्या आसपास आणि व्याज जवळजवळ १,२५,०००. मुलुंडची गाडी ४,६०,०००ला आली, १,६०,००० भरले, तीन लाख लोन त्याच दराने पण तीनच वर्षं, तर ईएमआय १०,२५० आणि व्याज ६९ हजार. हप्ता थोडा कमीच, एक वर्ष आधी मोकळे, आणि व्याजातच ५५ हजार वाचतात. थेट मालकाच्या गाडीला लोन व्हायला जरा जास्त दिवस लागतात म्हणून पगार ज्या बँकेत येतो तिथे आजच विचारून ठेवा. प्रोसेसिंग फी आणि लोनबरोबर गळ्यात मारलेला इन्शुरन्स वेगळा काढून बघा. साडेतीन लाखातून १,६०,००० गेले, ५० हजार गाडीच्या खात्यात, उरलेल्या १,४०,०००ला हात लावायचा नाही, सासूबाईंचं ऑपरेशन कधीही निघू शकतं.

मुलुंडच्या गाडीत मला एकच खरी भीती आहे, पाणी. आपल्याकडे दर पावसाळ्यात गाड्या बुडतात आणि दिवाळीपर्यंत चकाचक होऊन विकायला येतात. मागे मेव्हण्याबरोबर एक गाडी बघायला गेलो होतो, आतून परफ्यूमचा घमघमाट, सीट कव्हर नवीन, सगळं छान. मी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती, सरळ, पाण्याची पातळी जिथे थांबली तिथे. मग स्टेपनी उचलली तर खाली खाचेत सुकलेला बारीक गाळ. मालक म्हणाला वॉशिंगला गेला असेल. आम्ही निघालो. तुम्ही पण सगळे बेल्ट पूर्ण ओढा, स्टेपनी काढायला लावा, सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज आहे का हात घालून बघा, आणि बॉनेटचे, दरवाज्यांचे बोल्ट बघा, पाना लागल्याच्या खुणा असतील तर काहीतरी उघडलं गेलंय. यातलं काही सापडलं तर भाव कमी करून घेऊ नका, गाडी सोडा. बुडालेल्या गाडीच्या वायरिंगला कुठलाच डिस्काउंट पुरत नाही.

कागदांचं पटकन. परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का बघा, बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. महाराष्ट्र पोलिसांचे ई-चलन थकलेत का तेही नंबरावरून दिसतं, ते मालकाने भरायचे. गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची असेल तर नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का विचारा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोरासमोर. टोकन पाच हजारांच्या वर नको, आणि पावतीवर लिहून घ्या की कागदात खोट निघाली तर परत.

इन्शुरन्सचं मात्र नीट ऐका. मालक म्हणेल अजून आठ महिने इन्शुरन्स आहे, तो तुमच्या नावावर करायला १४ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. त्यांनी क्लेम न घेतल्याचं जे डिस्काउंट मिळवलंय, एनसीबी, ते त्यांच्याबरोबर जातं, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाचे पैसे तुम्हालाच भरावे लागतील. तो फरक कंपनीला आधी विचारून भावात धरा, ४,७५,००० वरून ४,६०,००० वर यायला टायर आणि हा फरक एवढंच पुरेल. ४,६५,००० म्हणाले तर अडून बसू नका, गाडी चांगली असेल तर घ्या.

आणि मुलुंडची गाडी फिसकटली, डीलरकडेच परत जावं लागलं, तर वॉरंटीच्या कागदाचा फोटो काढून टोकनच्या आधी मला पाठवा, पाठीमागच्या बाजूचा पण.