बंद दारं आणि उघडी पत्रपेटी

*प्रश्न : ताई, ऑक्टोबरात मास्टर्ससाठी जर्मनीत आले. डब्ल्यूजीत, म्हणजे सामायिक घरात, आम्ही चौघं राहतो, स्वयंपाकघर एकच. पहिल्या दिवशी सगळ्यांनी हसून हात मिळवले, तेव्हापासून ज्याचं त्याचं दार बंद. वर्गात शेजारी बसणारी मुलगी तास संपला की ‘च्युस’ म्हणते आणि निघून जाते. परवा माझा वाढदिवस झाला, कुणाला पत्ताही नव्हता. घरी रोज सांगते, मजेत आहे. माझंच काही चुकतंय का?*

वाढदिवसापासूनच सुरुवात करते, कारण तिथेच तुझा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. जर्मनीत ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच केक करायचा किंवा आणायचा आणि लोकांना बोलवायचं. तू सांगितलं नाहीस, म्हणून कुणी आलं नाही. तारीख उलटली असली तरी बिघडत नाही. दिवस गेल्यावर शुभेच्छा देतात लोक. आधी मात्र चुकूनही देत नाहीत, अपशकुन मानतात. तेव्हा येत्या रविवारी एक केक कर आणि स्वयंपाकघरात चिठ्ठी लाव: चार वाजता, सगळ्यांनी या. (केकचं सामान शनिवारीच आण. रविवारी दुकानं बंद असतात, हे एव्हाना तुला एकदा तरी उपाशीपोटी कळलं असेल.)

आता दारांबद्दल. मी 2009 साली इथे शिकायला आले तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीत तिशीतला एक पीएचडीवाला राहायचा. वयाने मोठा, म्हणून मी त्याला आदराने ‘झी’ म्हणायची, म्हणजे आपलं अहो-जाहो. तीन आठवडे तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. मला वाटलं, माणूस तुसडा आहे. एका संध्याकाळी त्याने दार वाजवलं. बाथरूम साफ करायची पाळी माझी होती, दोन आठवडे मी केली नव्हती. सफाईचा तक्ता फ्रीजवर लावलेला होता, पण मला वाटलं होतं ती कसलीतरी जाहिरात आहे. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बोलता बोलता तो म्हणाला, तू मला ‘झी’ म्हणतेस, म्हणून वाटलं तुला अंतर ठेवायचंय. विद्यार्थी एकमेकांना सरसकट ‘डू’ म्हणतात, वय कितीही असो. ‘झी’ प्राध्यापकांना, ऑफिसातल्या माणसाला, दुकानदाराला. तू-तुम्हीचा फरक आपल्या रक्तात आहे, त्यामुळे व्याकरण मला लगेच जमलं आणि नेमका तिथेच घोळ झाला. आपण वयाला मान देतो, इथे आधी नातं बघतात.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून बाथरूम घासलं. पुढची तीन वर्षं तो माझा सगळ्यात जवळचा मित्र होता.

बंद दाराचा अर्थ ‘येऊ नकोस’ असा इथे नसतो. थंडी असते, हीटिंगचं बिल असतं आणि दार लावून बसण्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. वाजवायला हरकत नाही. शेजारच्या मुलीला ‘कधीतरी कॉफी घेऊ’ असं मात्र म्हणू नकोस. तीही ‘हो, कधीतरी’ म्हणेल आणि दोघी वाट बघत बसाल. ‘गुरुवारी लेक्चरनंतर मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, येतेस?’ असं विचार. लोक इथे मित्रांच्या भेटीगाठीसुद्धा डायरीत लिहितात. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. डॉक्टरकडे टर्मिन (आधी ठरवलेली वेळ), परदेशी नागरिक कार्यालयात टर्मिन, आता मैत्रिणीकडेही टर्मिन! पण डायरीत लिहिलेली वेळ ते शक्यतो मोडत नाहीत, हे कळल्यावर राग गेला.

आणखी एक. विद्यापीठाच्या ‘होखशूलश्पोर्ट’मध्ये एखाद्या वर्गाला नाव घाल. बॅडमिंटन, नाच, गिर्यारोहण, काहीही. फी फार नसते. नावनोंदणी सेमिस्टरच्या सुरुवातीला ऑनलाइन उघडते आणि चांगले वर्ग बघता बघता भरतात. या वेळी हुकलं तर एप्रिलमधल्या उन्हाळी सेमिस्टरसाठी तारीख आत्ताच लिहून ठेव. खेळ येतो की नाही हे महत्त्वाचं नाही. दर मंगळवारी सात वाजता तीच पंधरा माणसं भेटतात, हे महत्त्वाचं. इथली ओळख अशीच सावकाश मुरते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे गेलं, डिसेंबरात तर बऱ्याच गावांत चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. तुझ्या उदासीत या अंधाराचा वाटा आहे. दुपारी उजेड असेल तेव्हा बाहेर पड. झोप उडाली, जेवण सुटलं, तास बुडू लागले, तर थांबू नकोस. बहुतेक ठिकाणी श्टुडिरेंडेनवेर्क (विद्यार्थ्यांना मदत करणारी संस्था) किंवा विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र असतं, तिथे जा. आणि घरच्यांना रोज ‘मजेत’ सांगतेस, त्यात एखादी खरी गोष्ट मिसळ. बाथरूमची पाळी चुकली, एवढी सांगितलीस तरी चालेल.

*प्रश्न : दरमहा 18.36 युरो मागणारं पत्र आलंय. रेडिओ-टीव्हीची वर्गणी म्हणे! माझ्याकडे टीव्हीच नाही. ही फसवणूक आहे का? फाडून टाकलं तर चालेल?*

फाडू नकोस बाबा. हा ‘रुंडफुंकबायट्राग’, सार्वजनिक प्रसारणाचा कायदेशीर आकार. टीव्ही असो-नसो, द्यावा लागतो. आनमेल्डुंग केलंस, म्हणजे पत्ता नोंदवलास, तेव्हाच तुझं नाव त्यांच्याकडे गेलं. पण वर्गणी माणशी नसून घरटी असते. डब्ल्यूजीत राहत असशील तर आधी बाकीच्यांना विचार. कुणी भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक उत्तरात कळव आणि पैसे आपसांत वाटून घ्या. तू एकटाच स्वतंत्र घरात राहत असशील, तर मात्र पूर्ण रक्कम तुझी. गप्प बसलास तर थकबाकी साचत जाते, वर दंड.

पत्र मिळालं, यावरून तुझं नाव पत्रपेटीवर आहे असं दिसतं. तेवढ्यात तू माझ्या पुढे आहेस. मी पेटीवर नाव लावलंच नव्हतं. पोस्टमनला खोली नंबर कळतो अशी माझी समजूत. बँकेचं कार्ड आणि करक्रमांकाचं पत्र, दोन्ही परत गेली.

*प्रश्न : पोर्टलवर विषयांना नाव घातलंय. परीक्षेसाठी आणखी काही करावं लागतं का? सीनियर वेगवेगळं सांगतात.*

लागतं! लेक्चरला नाव घालणं वेगळं, परीक्षेला वेगळं. परीक्षेच्या नोंदणीची मुदत ठरलेली असते आणि बऱ्याचदा ती परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. सीनियर वेगवेगळं सांगतात, कारण प्रत्येक कोर्सचे नियम खरोखरच वेगळे असतात. तुझ्या कोर्सची ‘प्रूफुंग्सऑर्डनुंग’, म्हणजे परीक्षेची नियमावली, विद्यापीठाच्या वेबसाइटवर असते, ती काढ. कंटाळवाणी आहे, तरी तीन गोष्टी त्यात शोधच: नोंदणी कधी, नाव मागे कधीपर्यंत घेता येतं आणि किती वेळा परीक्षा देता येते. बऱ्याच ठिकाणी तीनदाच. तिसऱ्यांदा अनिवार्य विषय गेला तर तो अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा पुरा करता येत नाही. तयारी झाली नसेल तर मुदतीत नाव काढून घे, ‘बघू काय होतं’ म्हणून बसू नकोस.

निकालात 1.3 दिसलं तर रडत मला पत्र लिहू नकोस. 1.0 सर्वांत उत्तम, 4.0 पर्यंत पास, 5.0 म्हणजे नापास. गेल्या वर्षी अशी दोन पत्रं आली होती.