मुख्य बाजाररस्ता फक्त पादचाऱ्यांसाठी करायचा प्रस्ताव आला आहे. दुकानदाराने हरकत नोंदवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव थंड हवेचं, पर्यटकांवर चालणारं. मुख्य रस्त्यावर तुमचं दोन पिढ्यांचं दुकान. तो रस्ता गाड्यांना कायमचा बंद करायचं घाटतंय आणि हरकती-सूचनांसाठी पंधरा दिवस दिलेत. व्यापारी मंडळाने एक छापील अर्ज घरोघर वाटलाय, त्यावर नुसती सही करायची आहे. करावी का?

त्या कागदावर करू नका. हरकत नोंदवायची की पाठिंबा द्यायचा हा पुढचा भाग, पण जे काही द्याल ते स्वतःच्या शब्दांत द्या. कारण सांगते.

मी मूळची माथेरानची. बाजारात आमचं चपलांचं दुकान, आता ते भाऊ बघतो, मी लग्नानंतर कर्जतला असते. म्हणजे तुमच्या गावात ज्याची चर्चा चालली आहे ते मी जन्मापासून बघत आले. आमच्याकडे नुसता एक रस्ता नाही, अख्खं गावच बिनगाडीचं. खासगी गाडी दस्तुरी नाक्याला थांबते आणि तिथून बाजारापर्यंत जवळजवळ तीन किलोमीटर तुम्ही पायी येता, घोड्यावर येता, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून छोट्या रेल्वेची शटल गाडी पकडता. ४ फेब्रुवारी २००३ला केंद्राने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं, पण गाडी नसण्याची सवय त्याच्या कितीतरी आधीची.

तर पहिली गोष्ट, धंद्याची. तुमची खरी भीती तीच आहे, हे प्रश्नातल्या शब्दाशब्दातून दिसतंय. बिनगाडीच्या रस्त्यावर चपलेचं दुकान चालतं. चांगलं चालतं. चालणारा माणूस थांबतो, बघतो, भाव करतो, पुढे जातो, परत येतो. गाडीतला माणूस तुमची पाटी वाचेपर्यंत पुढच्या वळणावर असतो. शिवाय आपलं गिऱ्हाईक कशाने येतं याचा आपल्या दुकानदारांचा अंदाज नेहमीच चुकतो. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलला २००६ साली दुकानदारांना विचारलं होतं की तुमच्याकडे गाडीने किती जण येतात. ते म्हणाले ४१ टक्के. गिऱ्हाइकांना विचारलं तर आकडा निघाला २२. तुम्ही एका शनिवारी गल्ल्याशेजारी वही ठेवा आणि प्रत्येकाला विचारा, ‘गाडी कुठे लावलीत?’ मग ठरवा.

पण माझ्या मते छापील अर्जातली सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे. ‘धंदा बुडेल’ एवढंच लिहून तो थांबतो. रस्त्यावरची गाडी बंद झाली तरी ती जी कामं करत होती ती तिथेच राहतात, आणि ती कुणाच्या तरी अंगावर पडतात. माथेरानचा गेल्या वीस वर्षांतला सगळा झगडा म्हणजे हे ओझं कुणी वाहायचं, एवढाच आहे.

सिलिंडर, भाजी, सिमेंट, शाळेची बाकं, आजारी माणूस, सगळं वर यायचं तर घोडा हवा, हातगाडी हवी, नाहीतर कुणाचं तरी डोकं. पर्यटकांच्या चाकाच्या बॅगा आसपासच्या वाड्यांमधल्या बायका डोक्यावर घेऊन चढतात. आमच्या आईसाठी घेतलेला फ्रीज कल्याणहून दस्तुरीपर्यंत यायला जेवढं भाडं पडलं, त्याहून जास्त त्या शेवटच्या तीन किलोमीटरला पडलं. तरी चौघांनी कुरकुर न करता आणला. दुकानातल्या प्रत्येक वस्तूच्या किमतीत हा खर्च मुरलेला असतो. पर्यटक ‘इथे सगळंच महाग’ म्हणतात तेव्हा भाऊ हसतो, काही बोलत नाही.

आणि माणसाने ओढायची रिक्षा. तुम्ही पाहिली असेल, फोटोही काढला असेल. आईचे गुडघे गेल्यापासून तिला खाली यायचं तर दुसरा उपाय नव्हता, पण ती त्यात बसायला तयार नसे. ‘तो आपल्या दादाच्या वर्गातला, त्याने मला ओढायचं?’ एवढं म्हणून ती घरात राहायची. चार-चार महिने.

एका निवृत्त शिक्षकांनी ई-रिक्षांसाठी वर्षानुवर्षं न्यायालयात पाठपुरावा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये प्रायोगिक परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात सात ई-रिक्षा सुरू झाल्या. शाळेची पोरं त्यात बसून गेली ती पहिली सकाळ आमच्या गल्लीत अजून सांगतात. घोडेवाल्यांचा विरोध होता, आणि तो खोटा नव्हता, त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ला न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी गुजरातमधल्या केवडियासारखी ई-रिक्षा योजना करायला सांगितली. म्हणजे ‘गाडी नको’ हे कधीच ठरलेलं असताना ‘मग काय हवं’ हे ठरायला न्यायालयाची पायरी चढावी लागली. तुमच्याकडे हा दुसरा प्रश्न पंधरा दिवसांच्या आत विचारता येतोय. ही संधी छापील अर्जावर घालवू नका.

म्हणून हरकतीत सरळ प्रश्न लिहा. माल किती वाजता येणार? दिल्लीत चांदणी चौकाचा सव्वा-दीड किलोमीटरचा पट्टा २०२१ला नव्याने खुला केला तेव्हा सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी ठेवली, माल त्याच्या आधी किंवा नंतर. तुमच्या गावात दूध आणि पाव पहाटे येत असेल, पण हॉटेलची भाजी? कपडे धुवायला नेणारा टेम्पो? त्या रस्त्यावरच्या घरांमधल्या म्हाताऱ्या माणसांना दारापर्यंत कसं आणणार? रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी येईल असं सगळेच प्रस्ताव म्हणतात (आमच्याकडेही रुग्णवाहिका चालते), पण ती जाईल तो पट्टा टपऱ्या, कुंड्या आणि सेल्फी पॉइंटांपासून मोकळा कोण ठेवणार? शिमल्याच्या मॉल रोडसारख्या रस्त्यांसाठी हिमाचल प्रदेशाने २००७मध्ये रीतसर कायदाच केला. कुठले रस्ते पूर्ण बंद, कुठल्यांवर परवाना घेऊन जायचं, हे त्यात लिहिलंय. तुमच्या प्रस्तावात परवान्याचा शब्द तरी आहे का, पाहा. नसेल तर सहा महिन्यांनी ‘साहेबांची गाडी’ तेवढी आत दिसेल.

दुसरं, गाडी जिथे थांबेल त्या जागेबद्दल विचारा. हे मी अनुभवाने सांगते, कारण लोक हमखास रस्त्याच्या मधल्या भागाबद्दल बोलतात आणि टोक विसरतात. गाडी जिथे अडवाल तिथे एका हंगामात नवा बाजार उभा राहतो: पार्किंगवाले, हमाल, ‘रूम हवी का’ म्हणणारे दलाल. दस्तुरीला पर्यटकांना चुकीची माहिती देऊन लुबाडलं जातं या तक्रारीवरून मार्च २०२५मध्ये अख्ख्या माथेरानने बेमुदत बंद पुकारला होता. दुकानं, हॉटेलं, सगळं. शांत रस्ता आत होता आणि भांडण नाक्यावर. तुमच्या गावात अडथळा कुठे लागणार, तिथे किती गाड्या मावणार, पार्किंगचा ठेका कुणाला, दरफलक लागणार की नाही, हे लेखी मागा.

आणि शेजारच्या गल्ल्या. मुख्य रस्त्यावरच्या गाड्या हवेत विरत नाहीत. कॅनडातलं बॅन्फ हे राष्ट्रीय उद्यानातलं छोटं गाव, आठेक हजार वस्ती आणि वर्षाला चाळीस लाखांच्या वर पर्यटक. कोविडच्या २०२०च्या उन्हाळ्यात त्यांनी मुख्य रस्त्याचा दोन चौकांएवढा भाग चालणाऱ्यांसाठी मोकळा केला. पर्यटक खूश, उपाहारगृहांनी रस्त्यावर टेबलं मांडली. तिथल्या परिषदेने दर उन्हाळ्यात तसंच करायचं ठरवलं, तर रहिवाशांनी सह्या गोळा करून सार्वमत घ्यायला लावलं. ऑगस्ट २०२४मध्ये अडीच हजारांच्या आसपास मतं पडली आणि प्रस्ताव दीडशेपेक्षा कमी मतांनी पडला. वळवलेली वाहनं घरांसमोरून जातात, आणि सार्वजनिक रस्ता हॉटेलांच्या टेबलांना का, हे दोन मुद्दे लोकांना बोचत होते. मला यातलं सगळ्यात लक्षात राहिलेलं म्हणजे काही उन्हाळे रस्ता प्रत्यक्ष वापरून झाल्यावर लोकांनी मत दिलं. होकार असो की नकार, तो अनुभवातून आलेला होता.

अशी आधी करून बघायची चाचणी तुम्हालाही मागता येते. मोटार वाहन अधिनियमाच्या ११५व्या कलमाखाली रस्त्यावर वाहनबंदी घालता येते. बंदी एक महिन्याहून जास्त असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते. महिन्यापर्यंतची असेल तर तिची गरज नसते, गावात शक्य तेवढी प्रसिद्धी दिली की भागतं. म्हणजे कायद्यातच चाचणीची सोय आहे. पुण्यात ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांना बंद ठेवतात, तोही एका दिवसाचा प्रयोगच. तुम्ही लिहा की आधी एक महिना करून बघा, त्यात एक मोठा शनिवार-रविवार आणि एक सुनसान मंगळवार दोन्ही येऊ देत, आणि बंदी लागायच्या आधी व नंतर माणसं मोजा. मोजणी कुणी करायची हेही लिहा. व्यापारी मंडळाने एकट्याने मोजू नये आणि ठेकेदाराने तर मुळीच मोजू नये.

फेरीवाल्यांचं एक वाक्य हरकतीत घाला, मंडळाला आवडलं नाही तरी. कणीसवाला, स्ट्रॉबेरीवाली, मेंदीवाली यांच्यामुळेच लोक रेंगाळतात आणि आपलं दुकान चालतं. पथविक्रेता कायदा २०१४चा आहे, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत. तुमच्या गावात ही समिती आहे का आणि तिला या प्रस्तावाबद्दल विचारलं का, एवढं विचारलंत तरी सुनावणीत खुर्च्या हलतील.

सुनावणीचंही सांगते. मी एका सुनावणीला गेले होते. हॉल भरलेला, पण बोलणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे पुरुष आणि सगळे मालक. कामवाल्या बायका, शाळेत चालत जाणारी पोरं, लॉजमधले बिहार-ओडिशाचे कामगार यांच्यातलं कुणी नव्हतं, कारण वेळ सकाळी अकराची. तुमच्या घरातल्या बाईला विचारून बघा, तिला त्या रस्त्यावर संध्याकाळी चालताना काय वाटतं. बहुतेक वेळा प्रस्तावाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घरातच बसलेला असतो.

छापील अर्जाचं तर असं होतं की तीनशे सह्या आल्या तरी मजकूर एकच, म्हणून उत्तरही एकच मिळतं, बहुतेक ‘नोंद घेतली’ एवढंच. वेगळा अर्ज असेल तर त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला काहीतरी म्हणावं लागतं. तो दोन प्रतींत करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, ‘प्रत्यक्ष सुनावणीत म्हणणं मांडायचं आहे’ हे शेवटी लिहा. मुदत पंधरा दिवस म्हणतात तेव्हा त्यात सुट्ट्याही धरलेल्या असतात, त्यामुळे शेवटच्या शुक्रवारची वाट पाहू नका.

तुमच्या जागी मी असते तर काय लिहिलं असतं? मी पाठिंबा दिला असता, पण वरच्या अटी घालून. एवढी वर्षं बिनगाडीच्या बाजारात वाढल्यावर मला हॉर्न वाजणाऱ्या बाजारात चप्पल विकता येणार नाही. पण आईसारखी बाई घरात अडकून पडणार असेल तर त्या शांततेचा मला काही अभिमान वाटत नाही.

अजून एक राहिलं. रस्त्यावर फरशी कुठली बसवणार, हे नक्की विचारा. माथेरानला पावसाळ्यात तांबडी माती वाहून जाते म्हणून पेव्हर ब्लॉक टाकायला घेतले, तर घोड्यांचे पाय घसरतात म्हणून वाद झाला आणि तोही न्यायालयातच गेला. तिथे असं ठरलं की दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि जंगलवाटांवर नाही. तुमच्याकडे घोडे नसतील, पण पाऊस आहे आणि शेवाळ आहे. नमुन्याची फरशी मागवा, ओली करा, आणि आपल्याच दुकानातली गुळगुळीत तळाची जोडी घालून तिच्यावर चार पावलं टाकून बघा.